वसुधाताईंचं इंग्रजी

वसुधाताईंना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यूयॉर्कजवळच्या एडिसनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची मशीन्स होती. तिथे कुणीतरी पाठ्यपुस्तक वाचावं तसं बोलत होतं, "धिस इज अ सॉक. द सॉक इज व्हाइट." आत डोकावले, तर साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई आणि खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसवलेली चारेक वर्षांची मुलगी. माझं मंगळसूत्र दिसताच बाई म्हणाल्या, "मराठी न तुम्ही? बरं झालं बाई, जबड्याला जरा आराम!"

मुलीचं नाव मृदुला. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. हातपाय ताब्यात नव्हते, बोलता येत नव्हतं. गावातल्या शाळेत अशा लहान मुलांसाठी एक वर्ग होता. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या तिथल्या तज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी मुलगी गोंधळेल. वसुधाताई नागपूरच्या कॉलेजात गणित शिकवलेल्या. सांगितलेलं काटेकोर पाळणाऱ्या. त्यांनी मुलीशी मराठी बोलणं बंद केलं. नवरा, प्रभाकरराव, सकाळच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जात, ते अंधार पडल्यावर येत. शाळेची वेळ सोडली तर बंद खिडक्यांच्या आत मायलेकी आणि ते सॉकचं इंग्रजी. "इंग्रजीत मला शिकवता येतं गं नीला," ताई म्हणायच्या, "लाड नाही करता येत."

वर्गशिक्षिका होत्या मिस जोअ‍ॅन. त्या मृदुलेसमोर दोन चित्रं धरायच्या, एक पाण्याचं, एक दुधाचं. "वॉटर ऑर मिल्क?" असं विचारून तिची नजर कुठे ठरते ते बघत थांबायच्या. नजर भिरभिरतच राहायची. ताईंना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून शाळेतल्या मीटिंगला मी त्यांना घेऊन गेले. तिथे तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "हिला शब्द कळत नाहीत. चित्रं थांबवूया."

ताईंनी पदर सारखा केला आणि एकेक शब्द जोखत इंग्रजीत बोलल्या, "तुम्ही म्हणता, प्रत्येक मुलाला शिकवायचा आराखडा वेगळा. मग माझ्या मुलीच्या आराखड्यात तिची भाषा का नाही? पाळण्यात असल्यापासून ती मराठी ऐकत होती. तुम्ही सांगितलंत म्हणून मी ती बंद केली. आज मी तिच्याशी परक्या बाईसारखी बोलते."

मग जोअ‍ॅन खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी येऊन बसल्या. "पाण्याला काय म्हणता तुम्ही?"

काही दिवसांनी ताईंनी मला वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं. जोअ‍ॅन विचारत होत्या, "म्रुडुला, पानी की डूड?" मृदुलेचे डोळे दोन्ही चित्रांवर फिरले आणि पाण्यावर ठरले. जोअ‍ॅननी चित्रांची अदलाबदल केली. नजर पुन्हा पाण्यावरच. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं रडतील. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "झालं. आता आमचं परत जाणं संपलं."

खरं तर परतायचं ठरलेलं होतं. कॉलेजने त्यांची बिनपगारी रजा आणखी वाढवायला नकार दिला होता. भावाने नागपूरच्या शाळांत चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळालं, मुलगी आपली आपण बसायला लागली की आणा. ताईंनी राजीनामा दिला. प्रभाकरराव चिडले, "मी इथे म्हातारा व्हायला आलो नव्हतो." ताई म्हणाल्या, "मी तरी कुठे आले होते?" पुढे ताईंचे वडील वारले, तेव्हाही त्यांना जाता आलं नाही. मृदुलेला झटके येत, डॉक्टर विमानप्रवासाला नको म्हणाले, आणि तिला सोडून जाणार कुणाकडे?

माझ्या नवऱ्याला ह्यूस्टनला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले, तेव्हा ताई मृदुलेला वरणभात भरवत होत्या; मराठीत रागावत, मराठीत लाडीगोडी लावत. मी म्हटलं, "ताई, तुम्हीही सुटाल एक दिवस इथून."

"खोटं नको बोलू न," त्या शांतपणे म्हणाल्या. "अडकलेय मी. सकाळी बस तिला घेऊन गेली, की भिंती अंगावर येतात. पण साऱ्या जगात शाळेतली ती एकच खोली आहे, जिथे तिला काय हवंय ते तिलाच विचारतात. मी सुटले, तर ती अडकेल."

आणि त्यांनी पुढचा घास कालवायला घेतला.