विचारलंस का तिला?

आमचे शेजारी बन्सीनाना संतापले की घोडेगावच्या बाजारात बैल दावी तोडायचे. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा! बैलांच्या सौद्यात मध्यस्थी करण्यात त्यांचा जन्म गेला. घेणारा-देणारा भांडू लागले की म्हणायचे, "बैल मागनं बघा, आदी एकमेकाच्या डोळ्यांत बघा."

नाना गेल्या वर्षी गेले. पण एका घरातली माणसं मोबाईलच्या स्टेटसवरून एकमेकांना टोमणे मारताना दिसली, की अजून माझं डोकं फिरतं. नानांच्या तर स्वतःच्याच घरात हे घडलं होतं.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडणार, बायको मोळ्या वाहणार. नानांच्या मुलाने, दत्तूने, मुकादमाला दोघांचा शब्द परस्पर देऊन टाकला. त्याच्या बायकोला, सुनीताला, ते कळलं मुकादमाच्या तोंडून! ती तडक माहेरी गेली. आणि या पठ्ठ्याने स्टेटस ठेवला, 'काहींना साथ निभावता येत नाही.' खाली तुटलेलं काळीज!

मी तो नानांना वाचून दाखवला. ते दत्तूवर असे गरजले की घरावरचे पत्रे थरथरले.

"शहाण्या, गावाला सांगितलंस. तिला विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? कोयता म्हंजी दोघं आलेच."

"बाजारात बैलाची बी चाल बघून शब्द देत्यात! तू बायकोकडं बघितलंस तरी का?"

माझ्याच जीपमध्ये दत्तूला कोंबून आम्ही तिचं माहेर गाठलं. नानांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "ती बोलंल. तू गप. मग ती काय म्हनली ते मला सांगायचं."

सुनीता म्हणाली, "मामा, मागच्या हंगामापासनं कंबर धरलीय. मोळी उचलली की पाय बधिर पडत्यात. मोळी घेऊन ट्रकात चढताना फळीवरनं पडले तर?"

"काय म्हनली रं?"

"यायचं न्हाई म्हनती."

"कान हायेत का पन्हाळ? सूनबाई, पुन्यांदा सांग."

तिने सांगितलं. दत्तू अडखळला, "पाय... बधिर पडत्यात. पडायचं भ्या वाटतंय." मग तिच्याकडे वळला, "मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी विचारलं?"

दत्तूने तिथूनच मुकादमाला फोन लावला, "आमचा कोयता न्हाई येत." आणि छाती काढून उठला, "चल घरी."

"चल?" नाना कडाडले. "शेळी हाय का ती?"

दत्तू परत खाली बसला. "येतीस का?"

"बघते. उद्या सांगते," सुनीता म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दत्तूचं तोंड पडलं. "नाना, ही तर बघते म्हनली!"

"मग बघू दे की! विचारलंस न्हवं? आता थांबायला शिक."