टॉवरवाल्याचा हात

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत येऊन माझं नाव विचारलं तर कुणाला सांगता यायचं न्हाय. "टॉवरवाला कुठं ऱ्हातोय?" म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दारात आणून सोडंल. टॉवर कसला डोंबलाचा! गच्चीवर लोखंडी पाइपांचा एक खांब आणि त्याला ताणलेली तार. मी हौशी रेडिओवाला हाय. सरकारची परीक्षा दिलीया, लायसन काढलंय, आणि मोटार वायंडिंगच्या धंद्यातनं वेळ काढून पंचवीस वर्षं गच्चीवरच्या खोलीत बसून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलतोय. एवढंच. त्यात कमाई न्हाय आणि चोरी पण न्हाय.

पण लोकांना 'एवढंच' पटत न्हाय की! सुरुवातीला म्हणायची, ह्यो पाकिस्तानला बातम्या देतोय. मग म्हणायची, पोलिसांचा माणूस हाय, ह्याच्यापुढं जपून बोला. मोबाइलचे टॉवर उभे राहिले तसं कुणीतरी काढलं की माझ्या तारेनं कॅन्सर होतोय. समोरच्या म्हातारीचं गुडघं धरलं, तेपण माझ्याच माथी. आणि घरात पावणं आलं की हमखास सवाल, "मोबाइल असताना ह्याचा उपेग काय वं?" माझं डोकंच फिरायचं. रंकाळ्यावर गळ टाकून बसलेल्याला कुणी विचारतंय का, बाजारात मासं मिळत्यात की म्हणून?

मग पूर आला. लाईट गेली, फोन मेले, तवा गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून मी तीन दिवस बसलोतो. खरं सांगतो, पराक्रम काय न्हाय. पाच-सहा निरोप इकडचे तिकडं केले. त्यातला एक गारगोटीकडच्या एका बाईच्या औषधाचा होता, आणि औषध पोचलं. झालं! गल्लीनं हार घातला, विहारात माइकवरनं माझं कौतुक झालं, पंधरा दिवस मला 'साहेब' म्हणली. पाणी उतरलं, चिखल वाळला, मी परत टॉवरवाला. पण ते कौतुक माझ्या डोक्यात गेलंतं. तवापासनं मला वाटाय लागलं की मी रेडिओवर बसलो की गल्लीनं गप बसावं.

आता भावाचं सांगतो. माझा धाकटा भाऊ खालच्या मजल्यावर ऱ्हातोय. त्याचा धंदा स्पीकर भाड्यानं द्यायचा. बारसं, लग्न, सभा, काय पण असू द्या, आमच्या भागात स्पीकर ह्याचाच. कान असला तयार की दहा स्पीकर वाजत असताना कुठल्याच्या आतला कागदी पडदा फाटलाय ते लांबनं सांगायचा. आमचं दोघांचं पोट हातावर, पण त्याचं कानावर जास्त. आणि माझी त्याच्याशी कुरबुर होती ती एकाच कारणावरनं. मी वर रेडिओवर बोललो की माझा आवाज त्याच्या स्पीकरमधनं बाहेर पडायचा. सरळ न्हाय, वेडावाकडा, तोंडात गरम बटाटा धरून कुणी गुरगुरावं तसा. माझ्या लहरी त्याच्या लांबलचक वायरी पकडायच्या.

त्यावर विलाज साधा हाय. बाजारात बांगडीएवढी काळी कडी मिळत्यात, वायरीला त्यातनं चार वेढे दिले की गुरगुर बंद. मला म्हाईत होतं. दोन वर्षं म्हाईत होतं. पण मी म्हणायचो, "माझं मशीन स्वच्छ हाय. तुझा अ‍ॅम्प भिकार हाय, त्याला मी काय करू?" पुस्तकाप्रमाणं माझंच खरं होतं. आणि ते पुस्तक घेऊन मी दोन वर्षं उंटावरनं शेळ्या हाकत बसलोतो. आमच्या छंदाचा पहिला धडाच हाय, शेजाऱ्याला तरास झाला तर आधी आपण गप व्हायचं, मग चूक कुणाची ते बघायचं. हा धडा मी नव्या पोरांना शिकवायचो, बरं का!

त्या वर्षीच्या जयंतीची सकाळ. आमची वस्ती बौद्धांची, म्हणजे त्या दिवशी घराघरात दिवाळी. विहारापुढं मांडव, निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, बायाबापड्या ओळीनं बसलेल्या. स्पीकर अर्थात भावाचा. आणि मी? मी वर, कानाला हेडफोन लावून. दक्षिणेकडच्या समुद्रात एक निर्मनुष्य बेट हाय, तिथं चार माणसं होडीनं जाऊन आठ दिवस रेडिओ लावून बसलीती. असा योग दहा-पंधरा वर्षांनी येतोय. जगभरचे हजारो जण त्यांना हाका मारत होते. त्यांनी एकदा उलट आपलं चिन्ह, म्हणजे लायसनवर मिळालेली आपली अक्षरं, उच्चारलं की आपण जिंकलो. मी सात दिवस हाका मारून थकलोतो आणि तो शेवटचा दिवस होता. रेडिओची ताकद पार वर चढवली आणि सुटलो.

भाऊ धापा टाकत वर आला. हेडफोनचा एक कान मीच बाजूला केला.

"दादा, बंद कर. वंदना सुरू झालीया, त्यात तू गुरगुरालायस. बाया उठून बघाय लागल्यात."

"दोन मिनटं."

"दोन न्हाय, आत्ता. हात जोडतो."

"तुझ्या त्या भिकार अ‍ॅम्पला सांग," मी म्हणलो आणि हेडफोन परत लावला.

तो गेला न्हाय. तिथंच हुबा राहिला. आणि तेवढ्यात, आयला, त्या बेटावरनं माझं चिन्ह आलं! अर्धंच आलं. शेवटची दोन अक्षरं. तो गडी म्हणाला, परत सांगा. मी बटण दाबून तोंड उघडलं, आणि भावानं भिंतीतला प्लग उपसला.

आमच्या घरात तोंडाच्या आधी हात चालायचा. बाप तसाच होता, मी तसाच. उठलो आणि दिली ठेवून. तीस वर्षं मोटारी उचललेला हात तो, सगळा पंजा त्याच्या डाव्या कानावर बसला. आवाज मला आठवतोय. फुगलेली पिशवी फोडल्यागत. तो दारावर आपटला, खाली बसला, आणि मी काय केलं म्हायताय? मी वाकून प्लग परत लावला. भावाला उठवायच्या आधी प्लग लावला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाय.

"दादा," तो म्हणाला, "शिट्टी वाजतीया." त्यानं कानाला लावलेली बोटं बघितली. त्यांना रक्त होतं.

त्याच्या मागोमाग मांडवातली पोरं जिन्यानं वर आलतीच. त्यांनी रक्त बघितलं आणि मग कशाचं काय. एकानं माझी गचांडी धरली, दुसऱ्यानं मांडवाचा वासा पाठीत घातला. मी पण गप बसलो न्हाय, एकाचं नाक फोडलं. मग मला आडवा पाडून तुडवला. "जयंतीत घाण करतोस व्हय रं! लई साहेब झालास!" बरगडी मोडल्याचं मला आत कळलं. रेडिओ उचलून आपटला, परत उचलून परत आपटला. बाहेर चौघं खांबाला भिडली आणि खांब कडाकडा वाकत पाण्याच्या टाकीवर कोसळला. पंचवीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं हे यंत्र कशाचं हाय ते. फोडताना पण कळलं न्हाय. एक जण वराडत होता, "कॅन्सरची मशीन हाय, फोडा!"

पुढचा घाव डोक्यात बसला असता. भाऊ मधी पडला. एक हात कानावर, दुसरा पोरांपुढं आडवा. "बास! माझ्या भावाला हात लावायचा न्हाय कुणी. बास म्हणतोय न्हवं!" शर्टाची कॉलर लाल झालीती त्याची. पोरं थांबली. मला त्या वक्ताला मेलेलं बरं वाटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, भरंल आपोआप. पण आतली नस दुखावली असली तर ऐकू येणं अवघड. दीड महिन्यानं मशीनवर बसवून तपासू. भावजय तिथंच माझ्यापुढं आली. तोवर ती मला मान वर करून बोलली नव्हती.

"दादा, कान आला तर मी सगळं गिळंन. न्हाय आला तर पोलिसात जाणार. ह्यांनी नको म्हटलं तरी जाणार. आमच्या पोटावर मारलंय तुम्ही."

आणि माझ्या मनात पहिला विचार कुठला यावा? केस झाली तर लायसनचं काय? थू माझ्या जिंदगानीवर! भावाच्या कानातनं अजून रक्त यायचं थांबलं नव्हतं.

तो दीड महिना मी खाली-वर करत काढला. भाऊ कामाला जायचा, पण स्पीकर लावताना मान वाकडी करून उजवा कान पुढं धरायचा. एका लग्नात डावीकडचे स्पीकर मुके होते ते त्याला कळलंच न्हाय. पावण्यांनी शिव्या घातल्या. तो घरी आला. जेवला आणि झोपला. मी मोडलेला रेडिओ पोत्यात भरून ठेवला. गल्लीत कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि बरोबर होतं त्यांचं.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. एक छोटी बंद खोली, पुढं काच. भाऊ आत हेडफोन लावून बसला. आमच्या घरात हेडफोन कायम माझ्या डोक्यावर असायचा. बाहेर मशीनवर एक तरुण बाई. तिनं भावाला समजावलं, बारीक आवाज आला की बोट वर करायचं, कितीही बारीक असला तरी. मशीनवर एक लाल दिवा होता. ती आवाज सोडायची तवा दिवा लागायचा. भावाला तो आतनं दिसत नव्हता. मला दिसत होता. भावजय माझ्या शेजारी, पदर तोंडाला लावून.

आधी उजवा कान. दिवा लागला की बोट वर. दिवा, बोट. दिवा, बोट. असला तयार कान! बाई म्हणाली, "काकांचा हा कान फार चांगलाय."

मग तिनं उजव्या कानात नुसता सूंसूं आवाज भरून ठेवला, म्हणजे तो मदतीला येऊ नये, आणि डावा सुरू केला. दिवा लागला. बोट खाली. आवाज वाढवला. दिवा लागला. बोट खाली. तिनं आणखी वाढवला. मी पंचवीस वर्षं खरखरीतनं बारीकातला बारीक आवाज वेचणारा माणूस, मी काचेबाहेर कान देऊन हुबा, जणू मलाच ते ऐकायचं होतं. भावजयीनं माझ्याकडं बघितलं. भावानं आतनं तिचं ते बघणं बघितलं, आणि मग माझं तोंड बघितलं.

त्याचं बोट वर गेलं.

"आलं!" भावजय म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "दादा, आलं वं ऐकू!"

बोट खाली गेलं. परत वर गेलं. परत खाली, परत वर, माझ्यावरची नजर न काढता. भावजय रडत हसत होती. बाईनं वहीतली पेन्सिल उचलली आणि थांबली. तिनं दोन्ही हात मशीनवरनं काढून मांडीवर ठेवले आणि काचेतनं आत बघत राहिली.

"काय झालं वं ताई?" भावजयीनं विचारलं.

"मी आवाज सोडतच नाहीये," बाई म्हणाली. "मघापासून मशीन गप आहे."

लाल दिवा बंद होता. आत माझा भाऊ माझ्याकडं बघत होता, आणि त्याचं बोट वर होतं.