एकतीस दिवसांचा कागद

हानावाबाईंना नसत्या चौकशा फार. जपानमधल्या सान्जो गावी, आमच्या पंपांच्या कारखान्यात, मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. तेवढ्या वर्षांत माझ्या डब्यातल्या लोणच्यापासून सासूच्या गुडघ्यापर्यंत त्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही.

त्या जुलैत ओतकामाच्या शेडमध्ये, तिथला मुकादम उकाई याच्या हाताखालचा एक माणूस उकाड्याने चक्कर येऊन पडला. गरम हवा बाहेर टाकणारा पंखा उकाईने मागितला होता. मंजुरीचा कागद अकरा टेबलं फिरून, अकरा शिक्के घेऊन परत यायला एकतीस दिवस लागले. नवे संचालक कुसाकासाहेब भडकले. म्हणाले, "हा कागद कुठे झोपतो ते शोधा. जे टेबल बिनकामाचं निघेल, तिथला माणूस नाओएत्सूच्या गोदामात जाईल."

शोधायचं काम कोणाकडे? अर्थात हानावाबाईंकडे. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. नाओएत्सू म्हणजे जाऊन-येऊन चार तास.

बाई वही घेऊन निघाल्या. कागद जसा फिरला तशाच फिरल्या, एकही टेबल न गाळता. प्रत्येकाला तेच विचारायच्या: कागद कधी आला, तुम्ही त्याचं काय करता, आणि नाही केलंत तर काय बिघडेल?

खरेदीतला म्हणाला, "मी शिक्का मारतो."

"बघून मारता?"

"आधीच्या सात जणांनी बघितलेलं असतं ना, बाई!"

"आणि त्या सात जणांना वाटतं, पुढे तुम्ही बघणार आहात. बरी जमलीय की तुमची!"

गुणवत्ता विभागाचा शिक्का का लागतो हे तर तिथे कोणालाच सांगता येईना. बाईंचे डोळे लकाकायचे. संध्याकाळी भिंतीवर मोठा कागद लावून त्या चौकटी आखायच्या, बाण काढायच्या, प्रत्येक चौकटीत दिवस लिहायच्या. कागद कुठून कुठे जातो हे आम्ही कोणी असं एका नजरेत पाहिलंच नव्हतं.

एका संध्याकाळी त्या आखता आखता थांबल्या. सातवी चौकट त्यांचीच होती.

आमच्याकडे हाताखालच्याने शिक्का डावीकडे किंचित कलता मारायचा, शेजारच्या साहेबाच्या शिक्क्याला वाकून नमस्कार केल्यासारखा. हा कल तपासणं हे बाईंचं काम, सव्वीस वर्षांचं. उकाईचा शिक्का ताठ होता. बाईंनी कागद परत पाठवला, तो नव्याने लिहून, खालच्या सगळ्यांचे शिक्के पुन्हा घेऊन आला. नऊ दिवस गेले. माणूस पडला तो त्याच नऊ दिवसांत.

मी म्हणालो, "दोन दिवस लिहा. कोण मोजतंय?"

"मीच मोजतेय की," बाई म्हणाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

बैठकीत कुसाकासाहेबांनी सातव्या चौकटीवर बोट ठेवलं. "नऊ दिवस? कोणाचं टेबल हे?"

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे चहाच्या कपात बघत बसलो.

"माझं, साहेब."

साहेब गडबडले. बाईंच्या आईचं त्यांनाही माहीत होतं. "असं बघा, हानावाबाई, तुमचं काम शिस्तीचं. ते यात धरायला नको."

"सगळ्यांना विचारलं तेच मी मलाही विचारलं, साहेब. नाही केलं तर काय बिघडेल?" त्यांनी वही मिटली. "काहीच बिघडलं नसतं. तो पोरगा मात्र पडला नसता."

मागे दाराशी उकाई उभा होता. त्याने टोपी काढली.

एक ऑक्टोबरपासून बाई पहाटे पाच बावन्नची नाओएत्सूची गाडी धरू लागल्या.