माळावरची घोडी आणि आबांचा डावा हात

फोटो काढायला आलेल्या माणसाची सगळ्यात मोठी पंचाईत होते ती हातांची. चेहरा कसाही निभावून जातो, पण "हात कुठं ठेवू?" हा प्रश्न मला ज्यानं विचारला नाही असं गिऱ्हाईक विरळाच. साताऱ्यात एसटी स्टँडाजवळ माझा लहानसा स्टुडिओ होता, नव्वदच्या सुमारास घातलेला. नवरदेव हात खिशात खुपसायचे, पेन्शनर ते मांड्यांना चिकटवायचे, नव्या सुना पदराचं टोक पिळत बसायच्या. मी प्रत्येकाचे हात उचलून जागच्या जागी ठेवून द्यायचो, आणि सांगूनही कुणी ते हलवले की माझं डोकं फिरायचं. मी मुळात तापट. नाकावर माशी बसू देत नाही, असं आई म्हणायची आणि म्हणताना आबांकडे बघायची.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात खेचरांच्या पलटणीत होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्यांनी साताऱ्यात टांगा घातला. घोडी तांबडी होती, मागचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा, आणि काटेरी तारेत अडकून डावा कान फाटलेला. तिला नाव नव्हतं. आबा तिला नुसतं "बाई" म्हणायचे. माझ्या आईला ते "अगं ए" म्हणत, त्यामुळे घरात मान कुणाला जास्त हे उघडच होतं.

माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "माणसाला भित्तीपुढं हुबा करायचा आन् हालू नगंस म्हनायचं. ह्याला काय काम म्हनत्यात व्हय?" स्वतः ते कधी फोटोला उभे राहिले नाहीत. लष्करातल्या पुस्तकावर एक फोटो होता तेवढाच, तोही हुकूम होता म्हणून.

पुढं रिक्षा वाढल्या आणि टांग्यात कुणी बसेना. आबांनी वर्षभर हट्टानं टांगा स्टँडवर उभा केला, मग एक दिवस काही न बोलता घोडी वडूजच्या एका माणसाला विकली. तो ती लग्नात वरातीला लावणार होता. आमच्या बाईला बँडचा आवाज सोसायचा नाही. दुसऱ्याच वरातीत ती नवरदेवाला घेऊन जी निघाली ती थेट गावाबाहेर. नवरदेव बाजरीच्या शेतात सापडला. त्या माणसानं कपाळाला हात लावला आणि तिला माण तालुक्यातल्या माळावर सोडून दिलं. हे सगळं आम्हाला उशिरा कळलं. आबा त्यावर हसले नाहीत. विषय काढला की उठून जायचे.

मग एकदा माणकडचा एक पेन्शनर फोटो काढायला स्टुडिओत आला. आबा बाकावर पेपर वाचत बसलेले. दोघे फौजी, त्यामुळे फोटो राहिला बाजूला आणि गप्पा सुरू झाल्या. तो सांगत होता, "आमच्या माळावर सात-आठ घोडी मोकाट हायती. काय धनगरांची सुटल्याली, काय कुनी आनून सोडल्याली, काय तितंच जन्मल्याली. मानूस दिसला की उधळत्यात. त्यात एक तांबडी हाय, फाटक्या कानाची."

आबांनी पेपरची घडी घातली. फाटका कान कुठला, डावा की उजवा, ते त्यांनी तीनदा विचारलं. त्या माणसाला आठवेना. रात्रीच्या जेवणाला आबा घासच उचलेनात. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात लांबचं दिसतंय न्हवं? जा आन् एक फोटू काढून आन तिचा."

त्यांनी माझ्या कॅमेऱ्याला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं. मी इतका फुगलो की सांगलीच्या एका दोस्ताकडून त्याची भलीमोठी लेन्स मागून आणली. तो कुस्त्यांच्या मैदानांचे फोटो काढायचा. लेन्स देताना म्हणाला, "पैलवान बरे, गड्या. चीतपट झाल्यावर तरी हलत न्हाईत."

पुढच्या रविवारी मी स्कूटरवरून माळावर पोचलो. लांबवर नुसतं कुसळी गवत, मधूनच एखादं हिवराचं झुडूप, आणि त्या पिवळ्या पसाऱ्यात टेकाडाखाली आठ घोडी चरत होती. मी कॅमेरा हातात घेऊन तरातरा त्यांच्याकडे निघालो. ती दोनशे पावलांवर असतानाच सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि धूळ उडवत पळाली. मी पुन्हा गाठली, ती पुन्हा पळाली. दुपारपर्यंत मी त्या माळाला चार फेऱ्या मारल्या, घोड्यांना, माळाला आणि सांगलीच्या दोस्ताला शिव्या घातल्या आणि एका बाभळीखाली बसकण मारली.

जवळच एक म्हातारी धनगरीण मेंढरं चारत होती. ती सकाळपासून माझी मजा बघत असावी, कारण तोंडाला पदर लावून हसत होती.

"आवं फोटूवालं," ती म्हणाली, "ती दोरी घिऊन घोड्यामागं कशापाई पळताय?"

"दोरी कुठाय?"

तिनं काठीनं कॅमेऱ्याचा पट्टा दाखवला. तो माझ्या हातातून लोंबत होता. "घोड्याला ह्योच दिसतुया. दोरी घिऊन आल्याला मानूस त्येला लय ठावं असतुया. ती पिशवीत टाका, आन् माज्या मेंढरांसंगं चला. सरळ घोड्याकडं बगू नगा."

मी पट्टा काढून पिशवीत टाकला आणि मेंढरांच्या मागं मेंढरासारखा चालू लागलो. दोन पावलं पुढं, मग थांबायचं, भलतीकडे बघायचं. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच होती. पण तासाभरात मेंढरं घोड्यांच्या इतकी जवळ गेली की मला त्यांचं गवत तोडणं ऐकू यायला लागलं. मी म्हातारीच्या आडून कॅमेरा डोळ्याला लावला. तांबडी घोडी मान वळवून बघत होती. डावा कान फाटका होता.

सकाळच्या रोलात घोड्यांच्या जागी नुसते ठिपके आले होते. आबांनी ते बघून विचारलं, "हे काय, तीळ सांडलं व्हय?" दुपारचा फोटो मात्र त्यांनी उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"बाईच हाय," ते म्हणाले. मग माझ्याशी कधी न वापरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "माज्यावर रागावली आसंल का रं?"

अकरा वर्षं तिला स्वतः चंदी खाऊ घातलेल्या माणसानं एका सकाळी तिची दोरी परक्याच्या हातात दिली होती. आबांच्या मनात एवढे दिवस हेच सलत होतं, आणि ते मला त्यांच्या हातात फोटो दिल्यावर कळलं. मी म्हणालो, "तुम्हीच चला आणि बघा."

"बगू की. घोडामैदान जवळच हाय," आबा म्हणाले, पण पाणी प्यायला आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत.

पुढच्या रविवारी आबा स्कूटरवर माझ्यामागं पलटणीच्या ताठ्यात बसले आणि वर्धनगडाच्या घाटात प्रत्येक वळणावर मला गिअर बदलायचे हुकूम सोडत राहिले. त्यांच्या टोपीत रात्री भिजवलेले हरभरे होते. पिशवी चालणार नव्हती, कारण बाईनं हरभरे नेहमी त्यांच्या टोपीतूनच खाल्ले होते. माळावर पोचल्यावर म्हातारीनं त्यांना आपल्या मेंढरांतून पुढं नेलं. दोघं चालता चालता मेंढ्यांच्या आजारांवर अशी काही बोलत होती की मला वाटलं घोडी राहिलीच. मी मागून चालत होतो.

मेंढरं थांबली तिथून आबा एकटे पुढं झाले. उजव्या हातात टोपी. "ये बाई, ये," त्यांनी साद घातली. बाकीची घोडी सरकली, पण तांबडी थांबली. तिचे दोन्ही कान पुढं आले. ती एक पाऊल आली, मग आणखी दोन. आता फार तर वीस पावलांचं अंतर राहिलं होतं. मी बटण दाबत होतो.

आणि एकदम तिनं मान उडवली, जागच्या जागी वळली आणि सगळ्यांच्या पुढं धावत टेकाडापलीकडे गेली.

आबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी हरभरे तिथंच गवतात ओतले, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाले, "रागावलीया. बराबर हाय तिचं." परतीच्या वाटेवर घाटात त्यांनी एकही हुकूम सोडला नाही. मला ते सहन होईना. मी मुद्दाम गिअर चुकवला, तरी ते काही बोलले नाहीत.

चार दिवसांनी रोल धुऊन आला. घोडी येतानाचा फोटो, थबकलेली घोडी, वळणारी घोडी. तिन्ही मी आबांच्या मागून काढले होते, त्यामुळे तिन्हींत आबांची पाठ होती. मी पहिल्यांदा घोडीच बघत होतो. मग माझी नजर आबांवर गेली आणि मी काउंटरवर इतक्या जोरात हात आपटला की बाकावरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

तिन्ही फोटोंत आबांचा डावा हात पाठीमागं होता. मूठ वळलेली.

टांगेवाला घोडं धरायला जातो तेव्हा एका हातात चंदी पुढं धरतो आणि दुसऱ्या हातात मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, पाठीमागं लपवतो. घोडं खायला वाकलं की दोरी चढवायची. पलटणीत खेचरं आणि नंतर टांग्याला बाई, आबांनी जन्मभर हेच केलं होतं. त्या दिवशी त्यांच्या मुठीत काहीही नव्हतं. पण हात सवयीनं मागं गेला होता, आणि बाईला त्या मागच्या हाताचा अर्थ अकरा वर्षं पाठ होता. आणि मी? उभा जन्म लोकांचे हात नीट ठेवण्यात घालवणारा मी, मला समोर उभ्या बापाचा हात दिसला नाही.

मी स्टुडिओ तसाच टाकून घरी गेलो. आबांच्या हातात फोटो दिले आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांनी बघितलं. मग स्वतःचा डावा हात पुढं घेऊन त्याच्याकडे बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा होता.

"आयला," ते म्हणाले, "ह्यो कवा गेला मागं?"

आणि त्यांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. आई स्वयंपाकघरातून बघायला आली तर तिलाही हात दाखवला. ती म्हणाली, "माझ्याशी बोलतानापण तो मागंच असतो, पण मला कोण विचारतंय?"

तिसऱ्या रविवारी आबा दोन्ही हातांच्या ओंजळीत हरभरे घेऊन घोडीकडे गेले. टोपी नाही, काही नाही. चालताना डावा हात दोनदा मागं जायला निघाला आणि दोन्ही वेळा थोडे हरभरे सांडले, तेव्हा त्यांनी त्याला लष्करी भाषेत झापलं. म्हातारी माझ्याशेजारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. घोडी आली, थबकली. आबाही थबकले, ओंजळ पुढं करून आणि तोंड भलतीकडे करून. ती पुन्हा निघाली. आणि मग तिनं मान खाली घातली आणि त्यांच्या ओंजळीत तोंड खुपसलं.

तो फोटो माझ्याकडे आहे, पण तो सगळा हललेला आहे. घोडी हलली नव्हती आणि आबाही नाहीत. माझेच हात थरथरत होते.

हरभरे संपल्यावर तिनं त्यांच्या छातीला नाकानं एक ढुशी दिली, चंदी कमी पडली की पूर्वी द्यायची तशी. आबांनी तिच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि स्वतःच दोन पावलं मागं सरले. ती वळून आपल्या घोळक्यात गेली, सावकाश, चरत चरत.

"घरी न्यायची हुती तर आत्ताच धरायची हुती, पावनं," म्हातारी म्हणाली.

"न्हाई," आबा म्हणाले. "तिला हितं बरं चाललंय. रागावली न्हाई, येवढंच बगायचं हुतं मला."

ते माझ्याकडे आले. पुढं उघडे धरलेले दोन्ही तळवे घोडीच्या लाळेनं ओले होते, त्यांवर हरभऱ्याची सालं चिकटलेली. ते पुसायला त्यांनी खांद्यावरचा पंचाही काढला नाही. माळाकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले आणि घसा साफ केला.

"रोलात शिल्लक हाय का काय?"

"एक आहे."

"मग काढ माझा एक." मी कॅमेरा उचलला. ते ताठ झाले, मग अवघडले, आणि माझ्या स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यानं त्यांनी मला विचारलं, "हात कुठं ठिवू रं?"

"आहेत तिथंच राहू द्या, आबा," मी म्हणालो.