उत्तरावर विश्वास नसलेले भाऊ

अख्ख्या चांदा जिल्ह्यात स्वतःच्या बेरजेवर अविश्वास असलेला माणूस एकच होता, आणि पन्नासच्या दशकात तो नेमका माझ्या तंबूत राहायला होता. आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. वडश्याच्या पलीकडे जंगलात आमची मोजणीची छावणी असे आणि सगळी आकडेमोड भाऊंकडे, हँडल फिरवायच्या एका खडखडत्या यंत्रावर. उत्तर आलं की बाकीचे हुश्श करतात. भाऊंचं काम तिथून सुरू होई. उत्तर समीकरणात परत घालायचं, उरलेला फरक पुन्हा सोडवायचा, उत्तरात मिळवायचा, पुन्हा घालून बघायचं. भाजीत मीठही ते असंच घालत. तोवर आमची पंगत उठलेली असे. वाट विचारायची तर एकाच घरच्या दोघांना कधी विचारत नसत. "दोघं एकच सांगतेत. मंग दुसऱ्याले इचारून तुले नवीन काय भेटलं?" लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा चौकशी केली ती मुलीच्या बापाशी बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्याकडे. स्थळ मोडलं. भाऊंना वाईट वाटलं, पण पद्धत चुकली असं काही वाटलं नाही.

एका वर्षी राखीव जंगलाची हद्द आखायची होती. हद्दीवरच्या गावाची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं तळं, जंगलात जाते की गावात राहते, हे भाऊंच्या दोन समीकरणांवर ठरणार होतं. छावणीच्या साहेबांनी सडक न सोडता हद्दीच्या कोपऱ्यावर दोनदा दुर्बीण लावली होती, तीही जवळजवळच्या जागांवरून, त्यामुळे दोन्ही रेषा जवळपास एकाच दिशेला धावत होत्या. त्या कुठे छेदतात कोण सांगणार? भाऊंनी पाचवा दशांश, म्हणजे दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा, सोडला, बोडी जंगलात गेली. ठेवला, गावात आली.

"भाऊ, एक काहीतरी उत्तर द्या आणि सही करा," साहेब म्हणाले.

"यंत्र उत्तर देऊन राह्यलं साहेब, पण ते खरं का खोटं, त्याले सोताले मालूम नाई."

गावातली एक म्हातारी बाई रोज तंबूशी येऊन बसे. "भाऊ, बोडी गेली तं आमचं धान जाते जी. काऊन एवढा वेळ लागून राह्यला?"

शेवटी गुडघे धरत भाऊ पलीकडच्या पहाडावर चढले आणि आडवी जाणारी तिसरी रेषा घेऊन आले. आता उत्तर हलेना. बोडी जंगलात होती, बारा पावलांनी. भाऊंनी ते सात वेळा परत घालून पाहिलं. ते चुकावं म्हणून त्यांना धडपडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी चिडून म्हटलं, "सही आधीच करायची होती. पाचवा दशांश तुमच्याच हातात होता."

"माह्याच हातात होता, म्हनून तं चढलो," ते म्हणाले.

बाईला सांगायला ते स्वतः गेले. त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघून तिनं बोडीच्याच पाण्याचा तांब्या पुढे केला. भाऊंना तो काही घेववेना. मला त्यांचा फार राग आला होता. आज मी त्यांच्या वयाला पोचलो तरी तो पुरता गेलेला नाही, आणि तरी कुठलाही कागद समोर आला की सही करण्यापूर्वी मला भाऊ शेजारी हवे असतात.