डोरीनच्या गॅरेजातले पाच फ्रीजर

डोरीन हॅकेटच्या गॅरेजात तिची गाडी कधी मावलीच नाही. तिथे पाच मोठे फ्रीजर होते आणि त्यातला एकही तिचा नव्हता. ओहायोतल्या त्या रस्त्यावर ती एकटीच 'इंग्लिश', म्हणजे अमिश नसलेली. अमिश म्हणजे जुन्या रीतीने राहणारा ख्रिस्ती पंथ; घरात वीज आणायची नाही असा त्यांचा नियम. शेजारणीच्या विजेवर हरणाचं मटण गोठवायला मात्र कोणाची हरकत नव्हती.

"हे कसलं गं तुमचं सोवळं?" डोरीन वीस वर्षं शेजारच्या लव्हायना ट्रॉयरला विचारत आली होती. "माझ्या विजेने तुमचा मटार बाटत नाही होय?"

"मटार कशाला बाटेल?" लव्हायना फ्रीजरमध्ये डोकं घालून म्हणायची. मग तासभर सुनांची उणीदुणी निघायची. डोरीनचा नवरा गेलेला, मुलगा नाताळला फोन करणारा. दिवसभरात तिच्याशी बोलायला येत त्या या फ्रीजरवाल्या बायकाच.

ऑक्टोबरात बातमी आली: सौरऊर्जेवरचे फ्रीजर घरात ठेवू द्यावेत, असा विषय अमिशांच्या रविवारच्या सभेत निघणार. चांगला कोट चढवून डोरीन थेट त्यांच्या धर्मगुरूकडे, बिशप मन्रो रेबरकडे गेली. तो घोड्याचा साज शिवत बसला होता.

"मन्रो, ही ढिलाई बरी नव्हे! आज फ्रीजर, उद्या टीव्ही. नियम म्हणजे नियम!"

"डोरीन, तू तर मेथॉडिस्ट, आमच्या पंथाची नाहीस."

"म्हणून काय मला चूक दिसत नाही?"

"आमच्यात सगळ्यांचं एकमत लागतं," मन्रो हसू दाबत म्हणाला. "एकानेही नाही म्हटलं तर विषय मागे पडतो. पण तुला तिथे मत नाही, बाई."

रविवार तिने कसाबसा ढकलला. सोमवारी सहा वाजता लव्हायना आली आणि घेवड्याच्या पिशव्या उपसू लागली.

"अगं, काय ठरलं?"

"राहिलं. एकीने नाही म्हटलं."

"कोणी?"

"मी. बिशपने कारण विचारलं. म्हटलं, फ्रीजर घरी आला तर डोरीनकडे रोज कशाला जाऊ? कामाशिवाय चकाट्या पिटणं आमच्यात बसत नाही."

डोरीनला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. नाक पुसत तिने विचारलं, "आणि तुझा नवरा?"

"कालपासून अबोला धरलाय. कॉफी टाक, आज मला घाई नाही."