साडेचार घटका

आक्काला मी एकदा फार ओरडलो होतो, ते आधी सांगून टाकतो. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आतच नवरा गेला आणि ती माहेरी आली. आईबाप गेल्यावर माझं घर तिनंच चालवलं. मी मुळशीच्या धरणाकाठी, आमच्याच गावात, शाळामास्तर. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारून विचारून गावानं तेव्हाच वीट आणला होता, आता पुन्हा नको. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक पेटीचा कॅमेरा आणला होता, आणि त्यानं मी चांदण्यांचे फोटो काढायचो. माणसांचा एकही काढला नाही. आक्काचासुद्धा नाही.

"मास्तर, चांदन्या काय तुमच्या म्होरं बसत्यात व्हय फोटूला?" पोरांचे बाप विचारायचे आणि खो खो हसायचे. बसत नाहीत, हीच तर खरी गंमत होती. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवायचा, तोंड उत्तरेला, भिंगावरचं झाकण काढायचं आणि गप्प बसून राहायचं. ध्रुव जागचा हलत नाही. बाकीचे तारे त्याच्याभोवती सरकतात आणि सरकता सरकता फिल्मवर आपापली रेघ ओढतात. आपल्याकडे ध्रुव फार खाली, डोंगराच्या खांद्यावर दिसतो, पण आमच्या परसातून उत्तरेला नुसतं धरणाचं पाणी, आडवं काही नाही. त्या धरणाची वीज मुंबईला जायची आणि आम्ही रॉकेल जाळायचो. गावकरी त्यावरून शिव्या घालत. मला मात्र तो अंधार फुकटात मिळाला होता.

अडचण एकच, वेळ मोजायची. घरात घड्याळ नव्हतं. होतं ते शाळेच्या भिंतीवर. तेव्हा गावच्या भटजींनी त्यांचं घटकापात्र दिलं. हे म्हणजे तांब्याची एक लहान वाटी, बुडाला सुईएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती सोडायची. भोकातून हळूहळू पाणी चढतं आणि बरोबर एका घटकेनं, म्हणजे चोवीस मिनिटांनी, वाटी बुडते. भटजींच्या चार पिढ्यांनी गावातली लग्नं याच वाटीवर लावली होती. पौषात लग्नं नसतात, म्हणून पौषात ती माझ्याकडे. "सांभाळून रे," एवढंच म्हणायचे. पौषातलं आभाळही कसं, स्वच्छ धुतलेलं.

वाटी पाहायची तर दिवा हवा, आणि दिवा परसात चालायचा नाही. म्हणून आक्का कोठीच्या खोलीत घंगाळापुढे बसायची. वाटी बुडली की पाण्यात हात घालून ती काढायची, दिवा मालवायचा आणि मग दारामागून हाक मारायची, "बुडलं रं!" की मी भिंगावर झाकण लावायचं. माझ्यापेक्षा तिलाच हौस जास्त. सप्तर्षींना ती म्हातारीची बाज, म्हणजे खाट, म्हणायची, आणि तिचा एकच हट्ट होता, "येकदा त्या म्हातारीची बाज समदी येऊ दे फोटूत. पायासकट."

त्या वर्षी पहिल्याच रात्री तिला खोकला आला आणि वाटी बुडायच्या आत तिनं दार उघडलं. दिव्याचा उजेड थेट कॅमेऱ्यावर. फिल्म गेली. मी ताडकन उठून ओरडलो, "अक्कल गहाण टाकलीस काय? वाटी बुडल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि हाकही मारायची नाही! मेलीस तरी!" असं म्हणालो मी. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून दाराच्या चौकटीत आणि खिडकीत गोणपाट कोंबलं. "बघ, आता मुंगी तरी जाती का," म्हणाली. खुशीत होती.

धरणाकाठी पौषात हाडं गोठतात. म्हणून ती कोळशाची शेगडी आत घेऊन बसायची. दोनदा मला म्हणाली, "डोकं लई धरतंय रं हितं." मी म्हणालो, जागरणानं.

अमावास्येच्या आसपासची रात्र होती. झाकण काढलं आणि बसलो. बराच वेळ गेला. हाक नाही. मला वाटलं, भोकात काहीतरी अडकलं असणार. मागं एकदा कण अडकून वाटी तरंगत राहिली होती, आक्कानं सुईनं भोक साफ केलं होतं. आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं. जितका जास्त वेळ तितकी लांब रेघ. ईशान्येला म्हातारीची बाज वर यायला लागली होती. म्हटलं, येऊ दे पुरी, आक्काचा हट्ट होईल. मी इतका खुशीत होतो की गुणगुणत होतो.

उठलो ते लघवीला लागली म्हणून. उठण्याआधी भिंगावर झाकण लावलं, व्यवस्थित, दाबून. मग दाराशी जाऊन म्हटलं, "आक्का, बुडलं का न्हाई अजून?"

दार आत ढकललं तर गोणपाट सुटून पायात आलं. दिवा जळत होता. आक्का घंगाळाशेजारी भिंतीला टेकून कलंडली होती, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. गाल लालचटक, उन्हातून आल्यासारखे. वाटी घंगाळाच्या तळाशी होती. मी तिला ओढत परसात आणलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. गाडी जुंपून पौडला पोचेपर्यंत उजाडलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाच्या वायूनं गेल्या. "गाडी कशाला पायजे होती मास्तर? वेळेत नुसतं दार उघडलं असतं, तरी बाई उठून बसल्या असत्या."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पाटलानं पंचनाम्याला विचारलं, "मास्तर, तुमी भायेर, बाई आत. इतका येळ तुमाला कळलं कसं न्हाई?" मी म्हणालो, "घटकापात्राचं भोक बुजलं होतं. वाटी तरंगतच होती. मला वाटलं, अजून घटका भरली नाही." तोंडातून निघून गेलं. ठरवून नाही बोललो, पण बोललो. त्यानं तसंच लिहून घेतलं आणि मी सही केली. वाटी भटजींना परत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी ती हातात घेतली. आत घेऊन गेले.

दिवस झाले, तेरावा झाला. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, मास्तरांचं काळीज दगडाचं. असेल. सकाळी उठायचो, शाळेत जायचो, पाढे घ्यायचो, संध्याकाळी येऊन भाकरी थापायला शिकायचो. जळायची, तशीच खायचो. चव लागायची नाही, पण ती जळल्यामुळं होती असंही नाही. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचो, कोणी हसलं की हसायचो.

कॅमेऱ्यातली फिल्म तशीच होती. उन्हाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा स्टुडिओवाल्याकडे टाकली. तो चांगला माणूस. फोटो हातात देताना त्याचे डोळे चमकत होते. "मास्तर, काय काढलंत हो हे! बेस्ट! किती वेळ उघडा ठेवला होता?" मी म्हणालो, लक्षात नाही. त्यानं एक मोठी प्रत करून आपल्या काचेत लावली आणि एक मला दिली. म्हातारीची बाज पुरी आली होती, पायासकट.

घरी आल्यावर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढून फोटोतल्या ध्रुवावर ठेवला. आभाळ साठ घटकांत एक फेरा पुरा करतं, म्हणजे घटकेला सहा अंश. रेघ लहान असो की मोठी, कोन एकच यायचा. पाच ताऱ्यांचे कोन मोजले. सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस. पाचही वेळा तेच. साडेचार घटका. पावणेदोन तासांहून जास्त. एवढा वेळ मी तिच्यापासून दहा पावलांवर बसून गुणगुणत होतो. कोनमापक पुसून पेटीत ठेवला आणि दिवा मालवून झोपलो. झोप लागली, हेच मला अजून कळत नाही.

आता भटजींचं. त्या वर्षी माघातल्या पहिल्याच लग्नाला नवरीचा बाप म्हणाला, "भटजी, ती वाटी नगं. मास्तराच्या भनीचा जीव घेतला तिनं." मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या लेकीचा संसार मोडला, तिचं लग्नही त्याच वाटीवर लागलं होतं. मुहूर्तच चुकला असणार! आगीत तेल. वर्षा-दोन वर्षांत लोक पौडच्या भटजींना बोलवायला लागले. त्यांच्याकडे मनगटी घड्याळ होतं. आमच्या भटजींना सत्यनारायण आणि श्राद्धं राहिली, तीही कमी कमी होत गेली. मी हे सगळं रोज पाहत होतो. ते भेटले की नमस्कार करायचो. "काय मास्तर, बरंय ना?" म्हणायचे. बरं आहे, म्हणायचो.

अशी सहा वर्षं गेली. मग माझ्याच एका विद्यार्थ्याचं लग्न निघालं. पौडचे भटजी घड्याळ बघून मंगलाष्टका म्हणत होते, आणि आमचे भटजी वऱ्हाडात, गर्दीत, मुठीत अक्षता घेऊन उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मंगलाष्टका ते मनातल्या मनात म्हणत होते, आणि "सावधान" आलं की बाकीच्यांबरोबर अक्षता टाकत होते. मी पंगतीला न बसताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर पंचांग घेऊन बसले होते. मी उभ्यानंच म्हणालो, "भटजी, मी खोटं बोललो. वाटी तरंगत नव्हती. बुडाली होती."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू दिलीस त्याच दिवशी घंगाळात सोडून पाहिली. तीनदा. तिन्ही वेळा बरोबर बुडाली."

"मग बोलला का नाहीत?"

"बहीण गेलेली तुझी. म्हटलं, आज नाही तर उद्या येईल आपणहून. सहा वर्षं लावलीस रे."

मी फोटो पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, ध्रुवावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं एका रेघेच्या टोकापासून टोकापर्यंत गेले. "किती अंश?"

"सत्तावीस."

"साडेचार घटका." त्यांनी फोटो खाली ठेवला. "त्यातली एक ठरलेली. साडेतीन उरल्या. त्या माझ्या वाटीच्या नव्हेत."

"नव्हेत. माझ्या."

"मग हे मला कशाला सांगतोस? चावडीवर जाऊन सांग."

मी हो म्हणून निघालो. पायरीवर असतानाच त्यांनी विचारलं, "तू आत गेलास तेव्हा ती कशी होती रे?"

"भिंतीला टेकली होती. उजवा हात पाण्यात होता."

"पाण्यात? वाटी तळाशी, आणि हात पाण्यात?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पंचांगावर ठेवला. "अरे, मग ती शुद्धीवर होती, मास्तर. वाटी बुडाल्याशिवाय कोणी पाण्यात हात घालत नाही. बुडालेली तिनं पाहिली. काढायला गेली."

सहा वर्षं तो हात मी रोज पाहत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोकं तर तिचं आधीच धरलं असणार, फार आधी. दार दोन हातांवर होतं. पण वाटी तरंगत होती, आणि बुडाल्याशिवाय हाक मारायची नाही, दार उघडायचं नाही, मेलीस तरी, असं मी सांगितलं होतं. ती वाटी बुडायची वाट बघत बसली. वाटी बुडाली आणि तिनं हात घातला.

मी त्या पायरीवर बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. भटजी आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. तो पिऊन मी चावडीवर गेलो आणि सगळं सांगितलं, हातासकट.